पस्तिसाव्या हिश्शाची गाडी

चिलखती गाडी म्हणजे पोलादी पत्र्यांनी झाकलेली आणि माथ्यावरील फिरत्या बुरुजात मशीनगन बसवलेली मोटार होय. रणगाडा पट्ट्यांवर चालतो. हिला मात्र मोटारीसारखी चाके असतात, म्हणून ती रस्त्यावरून वेगाने धावते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ साली, इंग्लंडच्या आरमाराने रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या मोटारीच्या सांगाड्यावर असे चिलखत चढवले. राजेरजवाड्यांच्या दिमाखासाठी नावाजलेली ती मोटार मग इजिप्तच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटात धावू लागली. युद्ध संपल्यावर १९२० साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. या जातीची एक गाडी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे. तुमच्यापैकी काहींनी ती सहलीत पाहिलीही असेल.

अशा गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती करण्याचा छंद जगातील अनेक देशांत आहे. बाजारात तयार संच मिळतो. त्यात प्लॅस्टिकचे शेकडो सुटे भाग एका चौकटीला जोडलेले असतात. ते कापून, घासून, एकमेकांस चिकटवून गाडी उभी करावयाची असते. हे काम वरवर पाहता सोपे वाटते. परंतु ज्याला प्रतिकृती खरी दिसावी असे वाटते, त्याच्यापुढे लवकरच एक अडचण उभी राहते. ती कोणती, हे समजण्यासाठी प्रथम प्रमाणाचा विचार केला पाहिजे.

दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, तेव्हा दारावरचा मावळा बुरुजाहून उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. प्रतिकृतीत तसे चालत नाही. तेथे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान व्हावे लागते. लष्करी वाहनांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वांत अधिक रूढ आहे. हा आकडा कोणी गणिती विचाराने ठरवलेला नाही, ही मौजेची गोष्ट होय. जपानमधील तामिया या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी एका जर्मन रणगाड्याचा संच काढला. त्यात विजेची छोटी मोटर आणि दोन बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला. नंतर मोजून पाहता तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. तेच प्रमाण पुढे जगभर चालू झाले.

१९२० च्या रोल्स-रॉइस गाडीची लांबी ४.९३ मीटर, रुंदी १.९३ मीटर आणि उंची २.५४ मीटर होती. पस्तिसाने भागल्यास लांबी सुमारे १४ सेंटिमीटर, रुंदी साडेपाच व उंची सव्वासात सेंटिमीटर होते. म्हणजे गाडी तळहातावर मावते. येथवर सारे ठीक आहे. पण आता चिलखताची जाडी घ्या. ते जास्तीत जास्त १२ मिलिमीटर जाड होते. त्याचा पस्तिसावा हिस्सा ०.३४ मिलिमीटर होतो. मडगार्डाचा पत्रा तर त्याहून कितीतरी पातळ असे. तो दोन मिलिमीटर धरला, तरी प्रतिकृतीत त्याची जाडी ०.०६ मिलिमीटरहून कमीच यावयास हवी. वहीचा कागदही यापेक्षा जाड असतो.

प्लॅस्टिकला हे साधत नाही. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरले जाते. पोकळी फार अरुंद असेल, तर ते टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थिजते. म्हणून मडगार्डासारखे भागही बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवतात. आता हिशेब उलटा करून पाहा. एक मिलिमीटर गुणिले पस्तीस, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर! ज्या गाडीचे चिलखत बारा मिलिमीटरचे, तिचे मडगार्ड दोन बोटे जाड! डोळ्याला हे आकडे ठाऊक नसतात, तरी ‘हे खेळणे आहे’ एवढे तो तत्काळ ओळखतो. लांबी-रुंदी कितीही अचूक असो, कड जाड दिसली की भ्रम मोडतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी काही कारखाने निराळे जोडभाग बनवतात. मूळ संच एका कंपनीचा आणि जोडभाग दुसरीच्या, असा हा प्रकार असतो. झेक प्रजासत्ताक आणि पोलंड या देशांतील असे कारखाने विशेष नावाजलेले आहेत. जोडभागांत पहिला मान पितळी पत्र्याचा. हा पत्रा कात्रीने किंवा छिन्नीने कापीत नाहीत. तो रसायनाने कोरतात. सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यावर दोन्ही बाजूंनी प्रकाशाने कठीण होणारा लेप देतात. आकृती छापलेली पारदर्शक फिल्म त्यावर ठेवून प्रकाश पाडला, की प्रकाश लागलेला लेप टिकतो व उरलेला धुऊन जातो. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात घालतात. उघडे पितळ विरघळते, झाकलेले शिल्लक राहते. जेथे एकाच बाजूने कोरले जाते, तेथे पत्रा अर्ध्या जाडीचा उरतो. तीच घडीची रेघ होय. त्या रेघेवर भाग सरळ दुमडता येतो. पेटीची कडी, चामडी पट्ट्याचे बक्कल, बिजागरी, मडगार्डाची कड असे भाग या रीतीने केसासारखे नाजूक निघतात. काटेकोर हिशेब मांडला, तर ०.१५ मिलिमीटर म्हणजेही मूळच्या पाच मिलिमीटरच होत. पण एवढी तफावत डोळा खपवून घेतो.

वक्र भाग मात्र पितळ सहज होऊ देत नाही. ते स्प्रिंगसारखे मूळ जागी परतते. त्याला मेणबत्तीच्या किंवा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमट्याने क्षणभर तापवून थंड केले म्हणजे ते मऊ पडते आणि गोल दांडीवर दाबून हवा तसा बाक देता येतो. हे काम घरातील मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करावे.

याहून अवघड असा एक क्षण पुढेच असतो. पितळी भाग बसवण्यासाठी प्लॅस्टिकवर साच्यातच आलेला तो भाग आधी तासून टाकावा लागतो. पेटीची कडी चाकूने छिलून टाकली, मडगार्ड मुळापासून कापले, की ते परत येत नाही. नवा भाग आखूड निघाला किंवा चुकीचा ठरला, तर संच वाया जातो. म्हणून जाणता कारागीर चाकू उचलण्याआधी दोन गोष्टी करतो. नवा भाग जुन्याशेजारी धरून मोजतो. आणि आपण कोणत्या गाडीची प्रतिकृती करीत आहोत, हे नक्की करतो.

ही दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ‘१९२० ची रोल्स-रॉइस’ हे एका वर्गाचे नाव झाले. प्रतिकृती एका गाडीची असते. उदाहरणार्थ, १९२२ साली आयर्लंडच्या नव्या राज्याला अशा तेरा गाड्या मिळाल्या. त्यांपैकी एकीचे नाव तेथील एका डोंगरावरून ‘स्लीव्हनामन’ असे ठेवले होते. २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्क परगण्यात आयरिश सेनापती मायकेल कॉलिन्स यांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि त्यात ते मारले गेले. त्या ताफ्यात ही गाडी होती. आयर्लंडच्या लष्कराने ती दुरुस्त करून आजवर जतन केली आहे. आता, प्रतिकृती करावयाची ती त्या ऑगस्टमधील गाडीची, की आज प्रदर्शनात दिसणाऱ्या गाडीची? दोन्हींचा रंग, दिवे, पट्टे सारखेच असतील असे गृहीत धरता येत नाही. जोडभागांचे पाकीट याचे उत्तर देत नाही. त्यात सर्वसाधारण भाग असतात, आणि क्वचित ते चुकीच्या सालचेही असतात. निर्णय जुन्या छायाचित्रावरूनच घ्यावा लागतो. एक लहानसा भाग लावणे म्हणजे ‘त्या दिवशी येथे हे होते’ असे विधान करणेच होय.

चाकांचेच पाहा. १९१४ च्या गाडीला तारांच्या आऱ्यांची चाके होती, १९२० च्या गाडीला पोलादी तबकड्यांची. चाक बदलले की साल बदलले! चाकांचे जोडभाग बहुधा रेझिनचे असतात. रेझिन हे रबरी साच्यात ओततात. रबर लवचीक असल्याने आत वळलेल्या खाचाही त्यातून सुखरूप बाहेर पडतात. अशा टायरचा तळ किंचित चपटा आणि बगला फुगीर ठेवलेल्या असतात. याचे कारण असे. मूळ गाडीचे वजन सुमारे ४,७०० किलोग्रॅम होते. लांबी पस्तिसाव्या हिश्शाने कमी झाली, तर घनफळ ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पटीने कमी होते. म्हणून सारे पोलाद कायम ठेवले तरी प्रतिकृती जेमतेम ११० ग्रॅम भरेल, आणि प्लॅस्टिकची त्याहूनही हलकी. तिच्या भाराने टायर दबणे शक्य नाही. तो भार घडवून दाखवावा लागतो. रेझिन घासताना त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. तोंडावर फडके बांधावे व काचकागद पाण्यात भिजवून वापरावा. अलीकडे असे भाग संगणकाच्या आकृतीवरून थरावर थर रचून छापतात, त्यामुळे साच्याचीही गरज उरलेली नाही.

बुरुजातील व्हिकर्स मशीनगनची नळी लेथवर कातलेल्या पितळेची मिळते. तिचे तोंड खरोखरच पोकळ असते. मूळ भोक ७.७ मिलिमीटरचे, म्हणजे येथे ०.२२ मिलिमीटरचे, प्लॅस्टिकच्या भरीव टोकाकडे मग पाहवत नाही.

तथापि पाकिटात आहे म्हणून प्रत्येक भाग लावावा, हे मला मान्य नाही. पितळी पत्रा सपाट असतो. त्याची मूठ किंवा गज केला, तर तो पट्टीसारखा दिसतो. तेथे तांब्याची बारीक तार बरी. रिव्हेटची गोल डोकीही प्लॅस्टिकचीच अधिक खरी वाटतात.

प्लॅस्टिकचा द्रव डिंक पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. धातूवर आणि रेझिनवर त्याची मात्रा चालत नाही. तेथे झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट डिंक लागतो. तो हवेतील ओलाव्याने कठीण होतो. टाचणीच्या अग्रावर मावेल एवढाच घ्यावा, नाहीतर बोटेच चिकटतात.

सारे जोडून झाले, म्हणजे गाडी मोठी विचित्र दिसते. अंग राखी, कड्या पिवळ्या, चाके फिकट, ठिगळ लावलेल्या गोधडीसारखी. नुसता रंग पितळावर धरत नाही, म्हणून आधी अस्तराचा हात देतात. तो वाळला की पितळ कोठे संपले व प्लॅस्टिक कोठे सुरू झाले, हे करणाऱ्यालाही शोधावे लागते. पाहणाऱ्याला जोडभाग दिसत नाहीत. मडगार्डाची पातळ कड मात्र दिसते, आणि तो गाडी हातात घेण्यापूर्वी ती वाकणार तर नाही ना, असे विचारतो.