ठिपक्याएवढा रोहित

सहलीहून परतल्यावर वर्गात फोटो पाहण्याचा कार्यक्रम होतो, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते : "हा इथे ठिपका दिसतोय ना, तो रोहित." पाहणारे मान डोलावतात, दाखवणारा हिरमुसतो. प्रत्यक्षात पक्षी चांगला मोठा दिसला होता. लांब गुलाबी पाय, वाकडी चोच, सारे नजरेत भरले होते. मग फोटोत तो असा आक्रसला कसा? दोष बहुधा मोबाइलच्या माथी मारला जातो. त्याआधी थोडी भूमिती करून पाहावी, असे आम्हांला वाटते.

उदाहरण भिगवणचे घेऊ. उजनी येथे भीमा नदीवर बांधलेल्या धरणाचा फुगवटा पुणे जिल्ह्यात भिगवणच्या परिसरापर्यंत येतो आणि त्याच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उभा रोहित साधारण सव्वा मीटर उंच असतो. तो आपल्यापासून १५० मीटर अंतरावर असला, तर डोळ्यापाशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. हा कोन आपल्या ओळखीचा आहे. पूर्ण चंद्राचा व्यासही आपल्या डोळ्याशी अर्ध्या अंशाचाच कोन करतो! चंद्राचा फोटो मोबाइलने काढला की आभाळात पांढरी टिकली तेवढी उमटते, हा अनुभव सर्वांचा आहे. रोहिताचे नेमके तेच होते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. २ सेंटिमीटर व्यासाची कागदी चकती फळ्यावर चिकटवा आणि सव्वादोन मीटरवरून तिचा फोटो काढा. झूम वापरू नका. आडव्या धरलेल्या मोबाइलच्या नेहमीच्या भिंगातून वरपासून खालपर्यंत सुमारे ५० अंशांचे दृश्य दिसते. म्हणजे चकतीने चौकटीच्या उंचीचा सुमारे शंभरावा भाग व्यापलेला असेल. चौकटीच्या उंचीत ३००० पिक्सेल असतील, तर चकतीच्या, आणि रोहिताच्याही, वाट्याला ३० पिक्सेल येतात. पाय, मान, चोच आणि डोळा एवढ्यातच बसवायचे!

डोळ्याला मात्र तो मोठा वाटतो, कारण आपण सगळ्या दृश्याकडे सारखे पाहतच नाही. दृष्टिपटलावरच्या पीतबिंदूच्या लहानशा भागात बारीक तपशील दिसतो. तो भाग आपण पक्ष्यावर रोखतो आणि उरलेले पाणी, आभाळ, नावेचा काठ यांच्याकडे मन दुर्लक्ष करते. कॅमेऱ्याला असा पक्षपात जमत नाही. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केले तरी ३० पिक्सेलचे ३१ होत नाहीत. तेच ठिपके फुगतात किंवा मधली जागा यंत्र अंदाजाने भरते.

उपाय महागड्या भिंगाचाच असला पाहिजे असे नाही. अनेक शाळांत एखादी दुर्बीण असते. आठपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या नेत्रभिंगाला मोबाइलचे भिंग अलगद टेकवले, तर त्याच रोहिताला ३०च्या जागी सुमारे २४० पिक्सेल मिळतात. पहिल्या प्रयत्नात काळे वर्तुळ तेवढे दिसेल. दोन्ही भिंगांचे अक्ष एका रेषेत आले पाहिजेत, आणि ते जमवण्याचा सराव सहलीआधी शाळेच्या गच्चीवर करून घ्यावा. प्रतिमा आठपट होते तसे हाताचे थरथरणेही आठपट होते, हे विसरू नये. वाळूने भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवावी. डुलत्या नावेपेक्षा काठावरून हे अधिक चांगले जमते.

एवढे करूनही भर दुपारी चित्र पुसटच येते. तापलेल्या जमिनीलगतची हवा कमी घन, वरची अधिक घन. त्यांच्या हलत्या थरांतून येताना प्रकाश सतत थोडा थोडा वळतो आणि दूरची प्रतिमा लवलवते. यावर कोणत्याही भिंगाचा इलाज नाही, लवकर उठण्याचा आहे. सकाळी हवा स्थिर असते, शिवाय तिरप्या उन्हामुळे पिसांची ठेवण उठून दिसते.

प्रकाशाची आणखी एक गंमत गावातच पाहता येते. म्हशीच्या पाठीवर गायबगळा बसलेला असतो. म्हैस चौकट भरून असेल, तर कॅमेरा ते काळे दृश्य उजळ करून मध्यम करड्या छटेकडे नेऊ पाहतो. म्हैस राखाडी होते आणि बगळ्याचे पीसन् पीस पांढऱ्या धब्ब्यात हरवते. काळसर पाण्यातल्या पांढुरक्या रोहिताचीही हीच गत. अशा वेळी पडद्यावर पक्ष्याला बोटाने स्पर्श करावा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढून उजेड कमी करावा. पाणी काळे पडले तरी चालेल. फ्लॅशचा मात्र येथे काही उपयोग नाही. अंतर दसपट झाले की वस्तूवर पडणारा त्याचा उजेड शंभरावा हिस्सा उरतो.

आता अंतराचा दुसरा, आणि अधिक सोपा वाटणारा उपाय : नाव पुढे घेणे. येथे शिक्षकाने सावध राहिले पाहिजे. उभा रोहित दुरून बराचसा पांढरा दिसतो. त्याच्या पंखांतला लाल आणि काळा रंग पूर्ण प्रकटतो तो उडताना. अग्निपंख हे नाव त्यावरूनच पडले. त्यामुळे थवा उडावा म्हणून नावाड्याला "अजून थोडे पुढे" असा आग्रह होतो, कोणी टाळ्या वाजवतो. रोहित येथे येतो तो खाण्यासाठी. मान उलटी करून चोचीतून पाणी गाळत तो तासन् तास सूक्ष्म जीव आणि शेवाळ टिपतो. त्याच्या जड देहाला उडण्याआधी पाण्यावरून धावावे लागते. प्रत्येक अकारण उड्डाणात त्याची शक्ती खर्च होते आणि चरण्याचा वेळ बुडतो. एका नावेने एकदा उडवले तर थवा ते सोसेल, पण सुट्टीच्या दिवशी नावा एकामागून एक येतात.

उडण्याआधी पक्षी तशी सूचना देतात. एकेक मान पाण्यातून वर येते, चरणे थांबते, सारा थवा एकाच दिशेने चालू लागतो. पहिल्या काही माना वर झाल्या की नाव थांबवायला सांगावे. ही खूण ओळखण्याचे काम विद्यार्थ्यांवरच सोपवले, तर ते ती मोठ्यांपेक्षा लवकर टिपतात असे आम्ही पाहिले आहे. थवा कधी ना कधी आपणहून उडतोच. तेव्हा कॅमेरा तयार असला म्हणजे झाले. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा पक्षी एक-साठांश सेकंदात १७ सेंटिमीटर सरकतो, एक-हजारांश सेकंदात फक्त १. म्हणून कॅमेऱ्यात सोय असेल, तर हा वेळ शक्य तितका कमी ठेवावा.

दुर्बीण नसेल, तर मोबाइलकडून त्याला जमते तेच काम घ्यावे. रुंद दृश्य तो उत्तम टिपतो. पाणी, गाळाची उघडी पट्टी, मासेमारी करणारी नाव आणि मागे गुलाबी रेघेसारखा थवा, हे चित्र पाहणाऱ्याला ठिकाण दाखवते. उन्हाळ्याकडे उजनीचे पाणी ओसरते आणि काठ दूर सरकतो. एकाच झाडापाशी उभे राहून डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये काढलेली तीन चित्रे शेजारी लावली, तर पक्षी कोठे व का सरकले याची चर्चा वर्गात रंगते. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच झाडापाशी उभे राहावे.

त्यासाठी नोंद मात्र हवी. तारीख आणि वेळ मोबाइल स्वतः लिहून ठेवतो, पण व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळते आणि चित्रही दाबून लहान केले जाते. म्हणून मूळ फोटो शाळेच्या संगणकावर उतरवून घ्यावेत, आणि कोणत्या काठावरून, कोणत्या दिशेला तोंड करून, अंदाजे किती पक्षी, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहावे.