बिल्ल्याचा रंग आणि मांसाची चव

माद्रिद किंवा सेव्हियाच्या दुकानांत छताला हामोन टांगलेले असतात. डुकराची मागची अख्खी तंगडी मिठात मुरवून हवेवर सुकवायची, म्हणजे हामोन. गिऱ्हाईक आधी खुराचा रंग बघतं, कारण काळा खूर म्हणजे अस्सल इबेरियन डुक्कर असा जुना समज आहे. तो भरवशाचा नाही. काही इबेरियन डुकरांचे खूर फिकट असतात आणि संकरित जनावराचेही काळे निघतात. बघावा तो तंगडीला अडकवलेला प्लास्टिकचा बिल्ला.

स्पेनच्या २०१४ च्या नियमाने या बिल्ल्यांना चार रंग दिले. काळा असेल तर आई-बाप दोन्ही शुद्ध इबेरियन आणि जनावर शेवटी ओकच्या रानात चरलेलं. लाल म्हणजे रानात चरलेलंच, पण ड्युरॉक जातीचं रक्त मिसळलेलं. हिरव्या बिल्ल्याचं डुक्कर मोकळ्या आवारात, पण मुख्यतः धान्यावर पोसलेलं. त्याला किमान १०० चौरस मीटर जागा मिळते. पांढऱ्या बिल्ल्याचं गोठ्यात वाढतं आणि ११० किलोच्या वर गेलं तरी त्याच्या वाट्याला किमान २ चौरस मीटर येतात. बाजारात सर्वांत जास्त माल या पांढऱ्या बिल्ल्याचाच. 'इबेरिको' एवढं एकच नाव वाचून जास्तीचे पैसे मोजणाऱ्याच्या पदरात बहुधा हेच मांस पडतं.

काळ्या आणि लाल बिल्ल्यामागे मोंतानेरा, म्हणजे ओकच्या रानात चरण्याचा हंगाम आहे. एस्त्रेमादुरा, वेल्वा, कोर्दोबाच्या बाजूला 'देएसा' नावाची विरळ रानं पसरली आहेत : मध्ये गवत, अंतराअंतरावर सदाहरित ओक आणि बुचाचे ओक. पावसाळी थंडी सुरू झाली की ओकची टणक फळं गळू लागतात आणि १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबरच्या दरम्यान डुकरं रानात सोडली जातात. डुक्कर फळ तोंडात घेतं, दाढेखाली फोडतं, गर खातं आणि टरफल थुंकून टाकतं. एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली असं दिवसभर चालतं. भुकेला गर, तहानेला ओलं गवत. रानात किमान ६० दिवस काढून निदान ४६ किलो वजन वाढलं पाहिजे, असा नियम आहे. झाडी कितीही दाट असली तरी हेक्टरी सव्वा डुकरापेक्षा जास्त सोडता येत नाहीत. कत्तलीच्या वेळी वय किमान १४ महिने. कारखानी पद्धतीचं पांढरं डुक्कर साधारण सहा महिन्यांतच कापलं जातं. ओकच्या फळात ओलिक आम्ल भरपूर असतं, ऑलिव्हच्या तेलात असतं तेच. ते चरबीत उतरतं, म्हणून ही चरबी बोटांच्या उबेनेही पाघळते.

हे सगळं जवळजवळ संपलं होतं. १९५७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर लिस्बनला पोचला, १९६० मध्ये स्पेनमध्ये शिरला आणि कळपच्या कळप गेले. त्याच काळात स्वयंपाकातली डुकराची चरबी मागे पडून वनस्पती तेल आलं आणि गव्हासाठी ओक तोडले गेले. स्पेन रोगमुक्त व्हायला १९९५ साल उजाडलं. देएसा आज उभी आहे, त्यात या डुकराच्या किमतीचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तरीही बिल्ला सगळं सांगत नाही. जात आणि शेवटचं चरणं, एवढंच त्यावरून कळतं. माद्या कुठे व्यायल्या, पिल्लांचं खच्चीकरण कसं झालं, हे दुकानदाराला विचारावंच लागतं. ताज्या मांसावर तर रंगीत बिल्ला नसतोच. तिथे चिठ्ठीवरचे शब्द वाचायचे : 'बेयोता' म्हणजे ओकची फळं खाल्लेलं, 'सेबो दे काम्पो' म्हणजे मोकळ्यावरचं, नुसतं 'सेबो' म्हणजे गोठ्यातलं.

असं मांस हाती आलं की मसाल्याचा मोह आवरावा. खांद्यामागे चरबीत दडलेला पातळ तुकडा निघतो, त्याला 'सेक्रेतो' म्हणतात. लोखंडी तवा चांगला तापवावा, तेल घालू नये. तुकडा पडताच चरबी सुटते आणि तो स्वतःच्याच चरबीत तळला जातो. दोन्ही बाजू खरपूस झाल्या की उतरवून जाड मीठ भुरभुरावं. 'प्रेसा' नावाची दुसरी फोड जाड असते. ती आत ६३ अंशांपर्यंत शिजवून तीन मिनिटं झाकून ठेवली की पुरे. हा हिशेब तपासणी झालेल्या मांसाचा. आपल्याकडे खात्री नसेल तिथे फीतकृमीचा धोका ध्यानात ठेवून मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावं, गुलाबी ठेवू नये.

पोर्तुगालच्या आलेंतेजूतही हेच काळं डुक्कर ओकखाली चरतं. वाइन-लसणात मांस मुरवायची पोर्तुगीज रीत गोव्यात आली. वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मिरची पडली आणि विंदालू झालं. त्यासाठी खांद्याचं, कातडी आणि चरबीसकटचं मांस हवं. रात्रभर मुरवून मंद आचेवर शिजवावं आणि दुसऱ्या दिवशी खावं. कोवळ्या, चरबी नसलेल्या मांसाचा इथे चोथा होतो.

गोव्याचंही स्वतःचं डुक्कर आहे. काणकोणातल्या आगोंदच्या नावाने 'आगोंदा गोवन' ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेली आहे. नोंदीने जात कागदावर राहते, गोठ्यात राहायला तिला गिऱ्हाईक लागतं. नाताळच्या सोरपोतेलासाठी मांस घ्याल तेव्हा खाटकाला तीन गोष्टी विचारा : जनावर कुठलं, किती महिन्यांचं, मोकळं होतं की कोंडलेलं. उत्तर देणारा खाटीक सापडला तर दोन पैसे जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या.