उजेडावर चालणारा लेप

लेखमाला : स्पर्शाचं विज्ञान, भाग ७

तांब्याच्या पृष्ठभागावर विषाणू फार काळ का तगत नाहीत, ते मागच्या भागात पाहिलं. तांबं अंधारातही काम करतं, पण ते महाग आहे आणि काळवंडतं. या वेळचा पदार्थ मात्र पांढराशुभ्र आणि स्वस्त आहे, आणि तो आज जवळपास प्रत्येक घरात आहे. भिंतीच्या रंगाचा पांढरेपणा त्याचाच. बऱ्याच टूथपेस्टमध्ये आणि सनस्क्रीनमध्येही तो असतो. त्याचं नाव टायटॅनियम डायऑक्साइड. रत्नागिरीजवळ काळबादेवी किंवा मिऱ्याच्या किनाऱ्यावर फिरताना काळी, जड वाळू पाहिली असेल, तर तिच्यातलं इल्मेनाइट हे टायटॅनियमचंच खनिज. अशा काळ्या खनिजापासून हा पांढरा पदार्थ बनतो.

त्याचा उजेडाशी असलेला संबंध जपानमध्ये उलगडला. १९६७ साली टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा हा तरुण संशोधन करत होता. त्यानं टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून प्लॅटिनमच्या तारेला जोडला आणि त्यावर झेनॉनच्या दिव्याचा झोत सोडला. स्फटिकावर बुडबुडे उठू लागले. तो ऑक्सिजन होता. प्लॅटिनमकडे हायड्रोजन निघत होता. बाहेरून वीज न देता केवळ उजेडानं पाणी फुटत होतं. हा शोधनिबंध १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट कोसळलं आणि सूर्यापासून इंधन मिळण्याच्या आशेनं जगभरचे रसायनशास्त्रज्ञ या स्फटिकाकडे धावले.

इंधनाची ती आशा फळली नाही, कारण हायड्रोजन फारच थोडा निघे. पण ज्या क्रियेनं पाणी फुटतं, तीच क्रिया स्फटिकाला चिकटलेला सेंद्रिय मळही जाळते. इंधनासाठी तुटपुंजी असलेली ताकद मळाच्या पातळ थराला पुरेशी होती. १९८५ मध्ये तादाशी मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनम मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडनं उजेडात जिवाणू मारून दाखवले. पुढे जपानमध्ये त्याचा लेप दिलेल्या फरशा आल्या, बोगद्यांतल्या दिव्यांच्या काचांवर तो चढला, रुग्णालयांच्या भिंतींवरही पोहोचला. विषाणूंवरचे लेप याच वाटेनं पुढे आले.

आता हे घडतं कसं ते पाहू. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्यातले इलेक्ट्रॉन एका खालच्या पातळीत बांधलेले असतात. वरची मोकळी पातळी आणि ती खालची पातळी यांच्यात ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी असते. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन दरी ओलांडून वर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते. वर गेलेला इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड तयार करतो. रिकामी जागा पृष्ठभागावरच्या पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. हे मूलक अत्यंत आक्रमक असतं. समोर चरबी येवो, प्रथिन येवो की आरएनए, ते त्यावर तुटून पडतं. करोनाविषाणूचं स्निग्ध आवरण फाटतं, पेशीला चिकटणारी प्रथिनं मोडतात आणि विषाणू कुणालाही बाधित करू शकत नाही. विषाणूविरोधी औषधाला विषाणू सरावतो तसा तो या हल्ल्याला सरावण्याची शक्यता फार कमी आहे, कारण हल्ला एका विशिष्ट जागेवर होत नाही. मला या लेपांचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो.

खरी मेख उजेडात आहे. ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी ओलांडायला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरपासून पुढे सुरू होतो. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्याच्या मुळाशी सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश असतो. त्याच्या एका कणाची ऊर्जा जेमतेम पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. दिवे वाढवून हा प्रश्न सुटत नाही. दहा मुलांनी एकेक हात उडी मारली म्हणून दहा हातांची भिंत ओलांडली जात नाही, तसंच इथे आहे. प्रत्येक कणाला दरी एकट्यानंच पार करावी लागते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातही अतिनील भाग पाचेक टक्क्यांच्या घरातला. त्यामुळे नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप उन्हातल्या भिंतीवर उत्तम चालतो आणि एलईडी लावलेल्या बंद जिन्यात जवळजवळ निजून राहतो.

जपानी शास्त्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा मागच्या भागातल्या तांब्याशी जोडलेला आहे. त्या वेळच्या टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे मासाहिरो मियाउची आणि त्यांचे सहकारी यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर तांब्याच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म पुंजके बसवले. इथे इलेक्ट्रॉनला पूर्ण दरी ओलांडावी लागत नाही; तो खालच्या पातळीतून थेट तांब्यावर उतरू शकतो आणि त्याला दिसणारा प्रकाश पुरतो. इलेक्ट्रॉन मिळालेलं तांबं स्वतःच विषाणूला घातक असतं. म्हणून दिवा मालवल्यावरही काही काम चालू राहतं, उजेड आला की त्याला जोर चढतो. २०१२ च्या सुमारास हे संशोधन पुढे आलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत घरातल्यासारख्या उजेडात करोनाचा मूळ विषाणू आणि डेल्टासारखी त्याची पुढची रूपं या पदार्थानं निष्प्रभ केली. साध्या अतिनील लेपापेक्षा हा मार्ग मला कितीतरी अधिक आशादायक वाटतो.

दुसरी वाट रंगद्रव्यांची, आणि ती जुनी आहे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्यानं १९०० साली लिहिलं की अ‍ॅक्रिडिन या रंगात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव अंधारात जगतात आणि उजेडात मरतात. असा रंग प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन त्याला प्रक्षुब्ध करतो. युरोपात रक्तातल्या प्लाझ्मामधले विषाणू निष्प्रभ करायला मिथिलीन ब्लू आणि प्रकाश ही जोडी वापरली गेली आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉर्फिरिनवर्गातलं रंगद्रव्य लवचीक प्लास्टिकमध्ये मिसळून उजेडात विषाणू निष्प्रभ करणारे पृष्ठभाग तयार केले. हिमोग्लोबिन आणि हरितद्रव्याचा गाभा याच कुळातला. दिसणारा प्रकाश या रंगांना चालतो, ही जमेची बाजू. पण आपणच प्रक्षुब्ध केलेल्या ऑक्सिजननं ते स्वतःही हळूहळू विटतात.

‘९९.९ टक्के विषाणू नष्ट’ या दाव्याकडे आता वळू. दहा लाख विषाणूंमधले ९९.९ टक्के गेले तरी हजार उरतात. आणि ते जायला किती वेळ लागला, हे जाहिरातीत क्वचितच असतं. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८०६१ ही चाचणी अतिनील प्रकाशाखालची आहे आणि आयएसओ १८०७१ ही घरातल्या उजेडाखालची. दोन्हींत क्यू-बीटा हा माणसाला निरुपद्रवी, जिवाणूंना बाधणारा विषाणू वापरतात. प्रयोगात नमुना स्वच्छ असतो आणि उजेड काही तास मिळतो. प्रत्यक्षात हायड्रॉक्सिल मूलक इतकं अल्पायुषी असतं की ते जन्मल्या जागेपासून नॅनोमीटरच्या हिशेबातच पुढे सरकतं. लेप आणि विषाणू यांच्यामध्ये वाळलेल्या थुंकीचा किंवा तेलकट बोटांचा थर आला, तर आधी तो थर जळत बसतो. म्हणून लेप दिलेली जागा पुसावी लागतेच. ‘लेप दिलाय, आता पुसायची गरज नाही’ असं सांगणं मला धोकादायक वाटतं.

मुळात पृष्ठभागावरून आजार किती पसरतो, तेही पाहायला हवं. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात करोनाचा जिवंत विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला आणि सगळ्यांनी भाज्या, पिशव्या धुवायला सुरुवात केली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं सांगितलं की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून करोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तो आजार मुख्यतः हवेतून पसरतो. भिंतीवरचा लेप समोरच्या माणसाचा श्वास थांबवत नाही. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस मात्र वेगळा. त्याला स्निग्ध आवरण नाही, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो सहज दाद देत नाही आणि दारांच्या मुठींवरून खरोखर पसरतो. रुग्णालयं, वृद्धाश्रम, पाळणाघरं, जहाजं या ठिकाणी असे लेप उपयोगी ठरू शकतात.

आणखी एक सावधगिरी. टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप विषाणू ओळखत नाही, समोरचं सगळं सेंद्रिय द्रव्य जाळतो. रंगात मिसळला तर त्या रंगाचाच चिकट घटक तो पोखरतो आणि अर्धवट जळण्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे वायू खोलीत येऊ शकतात. शिवाय त्याची कोरडी भुकटी श्वासात जाणं चांगलं नाही. बंद खोलीत फवारणी करणाऱ्या कामगाराला चांगला मास्क मिळालाच पाहिजे.

तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा दवाखान्यात कुणी असा लेप विकायला आलं, तर पैसे देण्याआधी लेखी उत्तरं मागा. चाचणी कोणत्या प्रकाशात झाली आणि तो किती लक्स, म्हणजे किती प्रखर होता? आपल्या जिन्यात तेवढा उजेड आहे का? किती तासांत किती घट झाली, आवरण नसलेल्या विषाणूवर चाचणी झाली का, आणि रोजच्या पुसण्यानंतर लेप किती महिने टिकतो? ही उत्तरं मिळाली नाहीत, तर तेच पैसे खिडक्या उघडत्या करण्यावर आणि सफाई कामगारांच्या पगारावर खर्च करा.