शरीर आणि ऋतू – लेखांक ९ : फऱ्यांमधली चरबी

जानेवारीत राहू बेटात पहाटेच दोन तऱ्हेची माणसं कामाला लागलेली असतात. मुळा-मुठेकाठच्या फडात ऊसतोडीचे कोयते उतरतात. पाचट दवानं भिजलेलं, हातातला कोयता गार, बोलताना तोंडातून वाफ. दोन शेतं ओलांडली की गुऱ्हाळ. तिथं काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस उघड्या अंगानं घामाघूम झालेला असतो. पारा दहाच्या आसपास, गाव एकच. पण एकाचं शरीर ऊब राखण्यासाठी झटतं आणि दुसऱ्याचं ती बाहेर टाकण्यासाठी. या दोघांपैकी चरबी कुणाची जास्त जळते?

बहुतेकांचं उत्तर चुलवाणापाशी बसलेल्या माणसाकडे झुकतं, कारण त्याचा घाम दिसतो. घाम म्हणजे वितळलेली चरबी ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की व्यायामशाळेत पोटाला प्लास्टिक गुंडाळून धावणारी मुलं आजही दिसतात. घाम हे पाणी आणि मीठ. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो, हे खरं. पण ती उष्णता चुलवाणाची, उन्हाची आणि स्नायूंच्या कामाची. ती बाहेर घालवण्यासाठी चरबी वेगळी जाळावी लागत नाही. तासाभरात किलोभर वजन उतरतं आणि दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. त्या कामगाराची जी काही चरबी खर्च होते, ती चिपाडं ओढण्याच्या कष्टानं. आचेपाशी बसल्यानं नव्हे.

फडातल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. उघड्या अंगानं स्वस्थ बसलेल्या माणसाला २८ ते ३० अंशांत ऊब राखण्यासाठी काहीच ज्यादा करावं लागत नाही. पारा त्याखाली गेला की शरीर आधी त्वचेकडचं रक्त आत ओढून घेतं. हातपाय गार पडतात ते यामुळे. तेवढ्यानं भागलं नाही तर स्नायू थरथरू लागतात, हुडहुडी भरते. जोराच्या हुडहुडीत शरीराची उष्णतानिर्मिती विश्रांतीच्या चार-पाच पटीपर्यंत जाते. पण त्या अवस्थेत माणूस फार वेळ काढू शकत नाही आणि हाताला कामही सुचत नाही. या दोहोंच्या मधे तिसरी एक सोय आहे. आजचा लेखांक मुख्यतः तिच्याविषयी.

त्वचेखाली आणि पोटात साठते ती पांढरी चरबी. तिचं काम साठवणुकीचं. किलोभर चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी बांधलेल्या असतात. तपकिरी चरबी साठवते कमी, जाळते जास्त. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांतल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यानं १५५१ मध्ये मार्मोट या थंड डोंगरात राहणाऱ्या प्राण्याच्या पाठीत ती पाहून लिहून ठेवली. ती जाळते कशी, हे कळायला मात्र विसावं शतक सरत यावं लागलं.

धरण डोळ्यांसमोर आणा. पेशी अन्न जाळून मिळालेल्या ऊर्जेनं मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन चढवते; भिंतीमागे पाणी तुंबावं तसे ते तुंबतात. एरवी ते परत येतात जनित्राच्या वाटेनं आणि पेशीच्या कामाला येणारी ऊर्जा तयार होते. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ नावाचं प्रथिन सांडव्याचं दार उघडतं. प्रोटॉन जनित्राला वळसा घालून खाली कोसळतात, काम काहीच होत नाही आणि सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. थंडी वाजताच मज्जातंतूंमधून नॉरॲड्रेनॅलिन येतं आणि हे दार उघडतं. हुडहुडी न भरता अंग तापतं ते असं.

ही चरबी तान्ह्या बाळांत असते आणि मोठेपणी उरत नाही, असं वैद्यकात बराच काळ मानलं जाई. कर्करोगाच्या शोधासाठी पेट स्कॅन सुरू झाले तेव्हा काही रुग्णांच्या मानेत आणि खांद्यांपाशी न समजणारे चमकते ठिपके दिसू लागले. थंड दिवसांत जास्त. हे ठिपके म्हणजे साखर ओढून घेणारी तपकिरी चरबी. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात बॉस्टन, फिनलंडचं तुर्कू आणि नेदरलँड्सचं मास्ट्रिख्ट अशा तीन ठिकाणच्या गटांनी दाखवून दिलं की ती प्रौढांतही जागी असते. म्हणूनच स्कॅनच्या आधी रुग्णाला उबदार ठेवतात. नाहीतर तिची चमक गाठ म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो.

मग खोलीच्या तापमानानं ही चरबी कमी-जास्त होते का? अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पॉल ली आणि सहकाऱ्यांनी पाच निरोगी पुरुषांना चार महिने रात्री ठरावीक तापमानाच्या खोल्यांत झोपवलं. पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, तिसरा पुन्हा २४ आणि चौथा २७. २०१४ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: १९ अंशांच्या महिन्यात तपकिरी चरबी सुमारे ४२ टक्क्यांनी वाढली, २४ वर आल्यावर पूर्ववत झाली आणि २७ च्या महिन्यात आणखी मंदावली. शरीर महिन्याभरात ऋतू ओळखतं आणि आपलं यंत्र त्याप्रमाणे वाढवतं वा आवरतं, हे मला फार विलक्षण वाटतं. पण या चार महिन्यांत कुणाची एकूण चरबी लक्षणीय घटली नाही. साखर हाताळण्याची क्षमता मात्र थंड महिन्यात सुधारली. २०१५ मध्ये मास्ट्रिख्टच्या गटानं टाइप-२ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस रोज काही तास १४-१५ अंशांत बसवलं. त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सरासरी ४३ टक्क्यांनी सुधारला, आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा होता.

तेव्हा ‘बर्फाच्या पाण्यात बसा, चरबी उतरवा’ असं मोबाईलवर ऐकलंत, तर पुढं जा. प्रौढ माणसात ही चरबी थोडी असते आणि थंडीत भूकही वाढते. डिंकाचा लाडू आणि तूप घातलेली बाजरीची भाकरी थंडीतच गोड लागते. जाळलेलं त्या वाटेनं भरून निघतं. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यानं तर अचानक गार पाण्यात उतरूच नये, कारण आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे दाब एकदम चढतो.

आता आपल्या माणसांकडे येऊ. इथं प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये युरोपीय वंशाचे बारा आणि दक्षिण आशियाई वंशाचे बारा निरोगी, सडपातळ तरुण घेऊन त्यांना पाण्याच्या गार गाद्यांमध्ये ठेवलं गेलं. दक्षिण आशियाई तरुणांतली तपकिरी चरबी सुमारे एक तृतीयांशानं कमी भरली. हुडहुडीही त्यांना दोन अंश आधीच भरली. उष्ण प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना एवढी शेगडी लागलीच नाही, असा तर्क यावरून काढता येतो. तसा तो काढलाही गेला आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. एकतर ही एकूण चोवीस माणसं. दुसरं म्हणजे ते तरुण हॉलंडच्या थंडीत राहणारे होते, म्हणजे केवळ स्वतः भोगलेल्या हवेनं हा फरक पडला म्हणता येत नाही. पूर्वजांचा प्रदेश आणि स्वतः भोगलेली हवा यांच्या मधे आणखी काहीतरी आहे, आणि ते शोधण्याचं मोलाचं काम पुणे जिल्ह्यातच झालं आहे.

राहूच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात भीमेकाठी वढू बुद्रुक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ मध्ये तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. त्याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा अवर्षणप्रवण गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या आया सरासरी १५२ सेंटिमीटर उंच आणि गरोदर राहण्यापूर्वी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या. पाणी आणणं, भांगलण, काढणी हे सगळं शेवटच्या महिन्यांपर्यंत चालू. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याची मापं घेतली जात. वजन, उंची, डोक्याचा, दंडाचा आणि पोटाचा घेर. आणि पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीची जाडी, मिलिमीटरमध्ये.

इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५. पोटाचे अवयव आणि स्नायू फारच कमी पडले होते. पण पाठीवरच्या त्या घडीत दोन्हीकडच्या बाळांमधलं अंतर सर्वांत कमी होतं. म्हणजे बाळ हाडकुळं, तरी चरबी राखून असलेलं. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर गेली. पुढं लंडन आणि पुण्याच्या बाळांचे एमआरआय झाले तेव्हा वजनानं कमी असूनही आपल्या बाळांच्या पोटात खोलवर जास्त चरबी आढळली. २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

इथं एक गफलत टाळायला हवी. चिमट्यानं मोजली ती फऱ्याखालची, त्वचेलगतची पांढरी चरबी. तान्ह्या बाळाची तपकिरी चरबी त्याच पाठीत, दोन फऱ्यांच्या मधोमध, थोडी खोल, शिवाय मानेत आणि मूत्रपिंडांभोवती असते. ती चिमट्याला लागत नाही. पांढरी चरबी जपली गेली म्हणून तपकिरीही पुरेशी आहे, असं मानता येत नाही.

सहा गावांच्या याच अभ्यासातून पुढं दिसलं की आईचे उष्मांक किंवा प्रथिनं यांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध तिला किती वेळा मिळतं, याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध जास्त होता. दोनतृतीयांशाच्या आसपास आयांना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या आईच्या अंगात गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं अशा मुलांत चरबी आणि इन्सुलिनला विरोध जास्त आढळला. गरोदरपणी कष्टाची कामं जास्त केलेल्या आयांची बाळं लहान होती. सुगी आणि उन्हाळा यांप्रमाणे आयांचं खाणं आणि राबणं बदलतं आणि त्याची छाया बाळाच्या आकारावर पडते, हेही याच गावांनी दाखवलं. ऋतू आपल्या चरबीवर काम करतो तो अंगाला लागणाऱ्या गारव्यानं आहेच, पण त्याहून जास्त आईच्या ताटातून आणि तिच्या डोक्यावरच्या ओझ्यातून करतो, असं माझं मत हे सगळं वाचून झालं आहे.

आणि तपकिरी चरबी ज्याच्या जिवावरचा प्रश्न असते तो जीव म्हणजे नवजात बाळ. त्याला हुडहुडी भरवता येत नाही. सारी मदार त्या तपकिरी पट्ट्यावर. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तो पुरता तयार झालेला नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात बाळाला ऊब देणं हा महत्त्वाचा भाग होता. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते काम छापलं, आणि आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालते त्यामागं ते काम आहे.

म्हणून या दिवसांत माझं लक्ष फडापेक्षा फडाकडेच्या कोप्यांकडे जातं. बीड-नगरकडून आलेल्या जोडप्यांत कुणी बाई दिवस भरत आलेली असते, कुणी नुकतीच बाळंत झालेली. प्लास्टिकच्या कागदाखाली पहाटेचा गारवा थेट आत येतो. तिथं महागडं काही लागत नाही. बाळाला पहिले चोवीस तास आंघोळ घालायची नाही, लगेच पुसून कोरडं करायचं, टोपडं घालायचं, आणि आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून गोधडी. दूध लवकर आणि वारंवार, कारण तपकिरी चरबीला जळण तिथूनच मिळतं. शेगडी आणि धुरी नको. धूर कोवळ्या फुप्फुसांना बाधतो. बाळाचे तळवे आणि पोट हातानं पाहायचं. तळवे गार आणि पोट गरम असेल तर थंडी लागू लागली आहे. पोटही गार लागलं तर बाळ छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा. कारखान्यांनी, मुकादमांनी आणि ग्रामपंचायतींनी हंगाम सुरू होताच कोप्यांमधल्या गरोदर बायकांची यादी गावच्या आशाताईंकडे द्यावी. नोंद दुसऱ्या जिल्ह्यातली असली, तरी तिची फेरी त्या कोपीपर्यंत गेली पाहिजे.

(पुढील लेखांकात : चैत्रातलं ऊन, घाम आणि मीठ)