नारळाचा रस आणि सच्छिद्र पॉलिमर



सणावारीं आपल्या मालवणी घरांतून शिरवाळ्यांबरोबर नारळाचा रस वाढतात. ओलें खोबरें वाटून पिळलें असतां निघणारा तो रस पांढरा कां दिसतो, याचा विचार आपणांपैकीं किती जणांनीं केला असेल? खोबरेल पारदर्शक, पाणीही पारदर्शक. मग हा पांढरेपणा आला कोठून? तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब पाण्यांत तरंगत असतात व त्यांवर पडणारा प्रकाश चहूंकडे विखुरला जातो, हें त्याचें कारण होय. अशा मिश्रणास रसायनशास्त्रांत पायस म्हणतात. तेल आणि पाणी यांचें मुळांतच पटत नाहीं. परंतु खोबऱ्यांतील प्रथिनें प्रत्येक थेंबाभोंवतीं वेष्टण करून बसतात, म्हणून थेंब एकमेकांत लवकर मिळून जात नाहींत. रस बराच वेळ ठेविला तर दाट भाग वर येतो, हें आपल्या मातोश्रींस ठाऊक आहेच.

आतां रतांब्यांनीं भरलेली टोपली डोळ्यांपुढें आणा. सारखे वाटोळे गोळे कितीही नीट रचले, तरी ते शंभरांपैकीं सुमारें ७४ भाग जागा व्यापितात. बाकीची फटींत राहते. केप्लरनें १६११ सालीं हें अनुमान मांडिलें व टॉमस हेल्स यांनीं १९९८ सालीं त्याची सिद्धता जाहीर केली. पायसांतील थेंबांचें प्रमाण याहून वाढविलें तर काय होईल? थेंब मऊ असल्यामुळें ते परस्परांस दाबून पैलूदार होतात, आणि त्यांच्यामध्यें दुसऱ्या द्रवाचा केवळ पातळ पडदा उरतो. दोन पातळ द्रवांपासून लोण्यासारखें घट्ट मिश्रण तयार होतें. बाजारांत मिळणारें मेयोनेज हें त्याचेंच उदाहरण.

येथून रसायनशास्त्रज्ञास दोन वाटा फुटतात. लहान रेणू एकमेकांस जोडून लांब साखळ्या बनविणें यास बहुवारिकीकरण म्हणतात, व त्या साखळ्यांचा पदार्थ तो पॉलिमर. पहिल्या वाटेनें थेंब स्टायरीन नामक द्रवाचे व पडदा साबणाच्या पाण्याचा ठेवितात. साखळी सुरू करून देणारें द्रव्य घालून ऊब दिली, कीं थेंब कठीण होऊन पॉलिमरचे सूक्ष्म कण हातीं येतात. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बफेलो येथील विद्यापीठांत एली रुकेनस्टाइन यांनीं या पद्धतीचा पुष्कळ अभ्यास केला.

दुसरी वाट उलटी आहे. थेंब पाण्याचे, आणि पडदा स्टायरीनचा. त्यांत साखळ्यांना आडवे टांके घालणारें दुसरें एक द्रव्यही मिसळतात. येथें साबणासारखा पदार्थ तेलांत अधिक विरणारा निवडावा लागतो. पडदा घट्ट झाल्यावर पाणी वाळवून काढिलें, म्हणजे मागें पोकळ खोल्यांचा सांगाडा उरतो, आणि त्या खोल्यांना एकमेकींत उघडणाऱ्या खिडक्या असतात. युनिलिव्हर कंपनीच्या बार्बी व हक यांचें या पद्धतीविषयींचें पेटंट १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. हा पदार्थ आपल्या जांभ्या दगडासारखा सच्छिद्र, पण बुचाहूनही हलका करतां येतो. गाळण्यासाठीं, सांडलेलें तेल शोषण्यासाठीं व पेशी वाढविण्यास आधार म्हणून त्याचा उपयोग शोधला गेला आहे.

निसर्ग ही विद्या आधींपासूनच जाणतो. आपल्या दोडामार्ग तालुक्यांत रबराच्या बागा आहेत. त्या झाडाचा चीक म्हणजे पाण्यांत तरंगणारे पॉलिमरचे कणच होत. त्यांत रबराचा अंश सामान्यतः शंभरांत ३० ते ४० असतो. फॉर्मिक आम्ल घालतांच कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारें बळ नाहींसें होतें, कण गोठतात व मग त्यांचे तक्ते लाटतात. हाच चीक फेंसाळून १९२९ सालीं डनलॉप कंपनींत फोम रबर बनविण्यांत आलें.

शेवटीं एक गोष्ट पालकांसही सांगावीशी वाटते. नारळाचा रस दुसऱ्या दिवशीं नासतो; स्टायरीनचा पॉलिमर मात्र सहसा नासत नाहीं. मासळीच्या थर्मोकोलच्या पेट्या याच पॉलिमरच्या, फक्त त्या वायूनें फुगविलेल्या असतात. फुटलेली पेटी किनाऱ्यावर टाकिली तर तिचे दाणे होतात, दाण्यांचे कण होतात, आणि ते मासे अन्न समजून गिळतात. ज्या समुद्रावर आपलीं घरें चालतात, त्यांत हें टाकणें म्हणजे आपल्याच ताटांत माती कालविणें होय. म्हणून तुमच्यापैकीं जो कोणी उद्यां प्रयोगशाळेंत जाईल, त्यानें कण कसा घडवावा हें तर शिकावेंच. पण काम सरल्यावर तो कसा विरावा, हाही प्रश्न आपल्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा.