भिंतीपलीकडचा बँड

माझ्या लग्नात बँड होता. पण तो मी ऐकलाच नाही, असं म्हटलं तर तुम्हाला खरं वाटेल?

लग्न दौंडला, माझ्या माहेरी. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाले, पुढे बँड. त्याच वेळी मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढे बसले होते. मुठीनं तांदूळ वाहायचे आणि तोंडानं गौरीचं नाव घ्यायचं. बाहेर सगळं गाव नाचत होतं. मला ऐकू येत होतं ते फक्त ‘धुम् धुम्’.

पुढे कितीतरी लग्नं पाहिली, पण बँड वाजायला लागला की आम्ही बायका कुठे? कुणी रुखवताशी, कुणी ओट्याशी, कुणी पाहुण्यांच्या ताटांशी. भिंतीतून ढोलाचा जाड आवाज तेवढा आत येतो. क्लॅरोनेटचा बारीक सूर मध्येच अडतो. आणि गंमत अशी, की बँडमध्ये गाणं म्हणतं ते क्लॅरोनेटच! बाकीची वाद्यं त्याला साथ देतात, ढोल ताल धरतो. म्हणजे आमच्या वाट्याला आयुष्यभर नुसता ताल आला, गाणं बाहेरच राहिलं.

मला बँडचं वेड लावलं ते वडिलांनी. ते रेल्वेत होते. विसर्जनाची मिरवणूक पाहायला पुण्याला जायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवताना प्रभात बँडच्या मास्तरांनी कोणती जागा कशी घेतली, ते गुणगुणून दाखवायचे. ‘मलाही न्या ना,’ म्हटलं, की ठरलेलं उत्तर : ‘गर्दीत पोरीबाळींचं काम नाही.’ मग लग्न होऊन भिगवणला आले. मासळी बाजाराजवळ आमचं जाळ्यांचं, दोरखंडांचं दुकान. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. वडील गेले, आणि ते ‘न्या ना’ मनातच राहिलं.

मग करोना आला. २०२० आणि २०२१, दोन वर्षं पुण्यात मिरवणूक निघाली नाही. लग्नंही मोजक्या माणसांत उरकली. आमच्या गल्लीजवळ राहणारा एक बँडवाला तेव्हा भाजीची गाडी लावायचा. एकदा मेथी घेताना मी विचारलं, ‘वाजवता की नाही हल्ली?’ तो म्हणाला, ‘ताई, आमचं पोट दोन हंगामांवर. लग्नसराई आणि गणपती. दोन्ही गेले. पण रोज थोडा वेळ फुंकतो. फुंक गेली की परत येत नाही.’

त्या वाक्यानं मी हलले. फुंक गेली की परत येत नाही! मी बावन्न वर्षांची, अजून कशाची वाट बघत होते?

२०२२ मध्ये मिरवणूक पुन्हा निघणार असं कळलं आणि मी घरात जाहीर केलं, ‘या वर्षी मी पुण्याला जाणार. बँड ऐकायला.’

आमचे हे हसलेच. ‘बँड ऐकायला शंभर किलोमीटर? अगं, इथे काय कमी वाजतात?’ मी गप्प. तेवढ्यात सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, ‘जाऊ दे तिला. मी तमाशा ऐकला तो कनातीबाहेर उभं राहून. आत जायची काय टाप होती आमची! हिला तरी समोरून ऐकू दे.’ तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं.

आदल्या दिवशी रेल्वेनं निघाले, रात्री हडपसरला भाचीकडे राहिले. ९ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. सकाळी बसनं स्वारगेट, तिथून चालत मंडई. ‘मावशी, माझा हात सोडू नकोस,’ भाची म्हणत होती. बेलबाग चौकाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्हाला जागा मिळाली.

मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा. आधी नगारा ऐकू आला. मागोमाग बँड. पाऊणशे वर्षांहून जुना हा प्रभात बँड, वडिलांच्या गुणगुणण्यातला! चार हातांवर येऊन तो थांबला. मास्तरांनी क्लॅरोनेट ओठाला लावलं, आणि मला पहिल्यांदा ऐकू आला तो सूर नव्हे, श्वास. सूर लावण्याआधी माणूस छाती भरून घेतो ना, तो! मग भजनाची चाल सुरू झाली. क्लॅरोनेटनं एक ओळ म्हणायची, ट्रंपेटनं तीच उचलून परत द्यायची. ढोल कितीतरी हळू वाजत होता, गाण्याला वाट देत. भिंतीआडून मी त्याला उगाच दांडगा समजत आले होते.

एका ठिकाणी सूर वर गेला आणि वळून अलगद खाली आला. तीच ती जागा! वडील हातातला घास तसाच धरून गुणगुणायचे ती. माझे डोळे भरून आले. शेजारच्या अनोळखी बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

दहा-बारा मिनिटं असतील. बँड पुढे गेला, पाठोपाठ ढोल-ताशांची पथकं आली. त्यांत कमरेला ढोल बांधलेल्या कितीतरी मुली होत्या. ‘दमलीस का?’ भाचीनं विचारलं. मी म्हटलं, ‘आत्ता कुठे बसून उठल्यासारखं वाटतंय.’

गोष्ट इथे संपली असती. पण तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या जाऊबाईंच्या लेकीचं ठरलं. पोरांना डीजे हवा होता. मी हट्टानं बँड सांगायला लावला, तोही त्या भाजीच्या गाडीवाल्याचाच. आणि त्याला म्हटलं, ‘मारुतीला जाण्याआधी एक गाणं गौरीहराच्या खोलीच्या दाराशी वाजवायचं. ढोल बेतानं.’

लग्नाच्या दिवशी तो खरंच दाराशी येऊन उभा राहिला. गुरुजी घड्याळाकडे बघत होते, नवरदेवाचे मित्र बाहेर खोळंबले होते. पुतणीची तांदळाची मूठ हवेतच राहिली. जाऊबाई स्वयंपाकघरातून तशाच पिठाच्या हातांनी आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. गाणं संपलं तेव्हा म्हणाल्या, ‘अगं बाई, यात एवढं गाणं असतं?’

मैत्रिणींनो, तुमच्या घरी यंदा कार्य असेल, तर बँडवाल्याला एवढं एक सांगून ठेवा. पाच मिनिटं लागतात, जास्त नाही.