आकाशवाणीची ती सकाळची धून

आम्ही भायखळ्याला राहत होतो तेव्हा आमच्या मजल्यावर एकाच घरी रेडिओ होता. सकाळी तो लावला की आधी नुसती खरखर, मग तंबोरा, आणि तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती धून. आई म्हणायची, "उठा, केंद्र सुरू झालं." ती धून कोणी बांधली असेल, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. असेल कोणी पंडित, असे वाटे. ती बांधणारा आपल्यासारखाच ज्यू होता, हे आम्हाला इस्राएलला आल्यावर कितीतरी वर्षांनी कळले.

त्यांचे नाव वॉल्टर काउफमान. जन्म १९०७, बोहेमियातील कार्ल्सबाड गावी. संगीताचे शिक्षण बर्लिनला आणि प्रागला झाले. प्रागला डॉक्टरेटचा प्रबंध तयार होता; पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझींचे काम करतात हे कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायचे नाकारले. हिटलर सत्तेवर आलाच होता. १९३४ मध्ये ते मुंबईला आले. मुंबईच का? तर व्हिसा सहज मिळाला म्हणून!

हिंदुस्थानी गाण्याच्या रेकॉर्डी त्यांनी आधी ऐकल्या होत्या, आणि त्यांना त्यातले काहीच कळले नव्हते. दुसरा कोणी असता तर या गाण्यात काही अर्थ नाही म्हणून मोकळा झाला असता. काउफमान यांनी विचार केला की इतकी माणसे ज्यावर प्रेम करतात त्यात काहीतरी असलेच पाहिजे, तेव्हा उणीव आपल्या कानात आहे. उलपानमध्ये पहिल्या दिवशी आपले काय झाले होते, ते आठवून पाहा.

मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. ते स्वतः पियानोवर आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे आपल्या तेल अवीवच्या झुबिन मेहतांचे वडील. १९३७ पासून १९४६ पर्यंत काउफमान मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते.

आता धुनीविषयी. तिचे श्रेय कधीकधी दुसऱ्यांनाही दिले जाते, पण बहुतेक जाणकार काउफमान यांचेच नाव घेतात. व्हायोलिन मेहलींचे, असे म्हणतात. राग शिवरंजनी. ज्यांनी शाळेत पेटी शिकली त्यांनी भूप वाजवून पाहावा आणि त्यातला गंधार तेवढा कोमल करावा, झाला शिवरंजनी. एकाच स्वराने सगळा रंग पालटतो. युरोपातला संगीतकार चालीखाली सहसा आणखी स्वर रचून भरतो. या धुनीत खाली तंबोराच राहू दिला आहे. आमच्या मते त्यांचा कान तयार झाल्याची याहून चांगली खूण नाही.

१९४६ नंतर ते इंग्लंडला गेले, तेथून कॅनडाला. १९४८ पासून विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचे संचालन केले. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानच्या रागांवर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये ते वारले. त्यांच्या स्वतःच्या रचना मात्र बराच काळ बासनात पडून होत्या. त्यांतल्या काही २०२० मध्ये कॅनडाच्या एआरसी आन्सांब्लने ध्वनिमुद्रित केल्या.

धून आजही फोनवर सापडते. ज्यांना लावता येत नाही त्यांनी शाब्बाथ संपल्यावर नातवंडांना सांगावे, ती लावून देतील. आम्ही ऐकली तेव्हा तंबोरा सुरू होताच पलंगावर उठून बसलो.